काय की!

(पडेगाव. दौलताबादच्या रस्त्यावर शेअर रिक्षा शेवटच्या सीटसाठी थांबलेली. आत इंग्रजीच्या क्लासचे सर, हातात वही.)

रिक्षावाला : सर, काय पुटपुटायलात मघापासून?

सर : उद्याचा धडा. एखाद्याला काही माहीत नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं. इग्नरन्स या शब्दाचे जोडीदार ठरलेले आहेत. कम्प्लीट इग्नरन्स चालतं. बिग इग्नरन्स म्हटलं की मार्क गेला.

रिक्षावाला : का बरं? त्यांच्याकडं अज्ञान मोठं नसतं?

सर : असतं, पण तसं म्हणत नाहीत. आणि प्लीड इग्नरन्स म्हणजे मला ठाऊकच नव्हतं असं सांगून सुटका मागणं.

रिक्षावाला : 'सायब, नो एंट्रीचा बोर्ड दिसलाच नाही!' रोजचंच हाय. पुढं?

सर : ब्लिसफुल इग्नरन्स. अज्ञानातलं सुख.

रिक्षावाला : ते आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात झालंय की! १२९६ साली खिलजी वेढा घालून बसला. रामदेवराव यादव निवांत, गोण्या भरलेल्या. उघडून बघितल्या तर धान्याच्या जागी मीठ, असं सांगतात. उघडेपर्यंत ब्लिसफुलच की हो.

सर : (वहीत लिहून घेत) हॅव्हन्ट अ क्लू. क्लू म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थिसिअस सूत धरून भुलभुलैयातून बाहेर आला.

रिक्षावाला : आपल्या किल्ल्यातल्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, शिरणाऱ्यानं गुंडा आणला नाही, तिथंच फसला. वटवाघळं तेवढी वाट सांगणार!

सर : मराठीत ही जोड्यांची कटकट नाही, ते एक बरं.

रिक्षावाला : नाही कशी? मी ठार अडाणी. मग ठार अज्ञान म्हणाल का?

सर : छे! घोर अज्ञान.

रिक्षावाला : मग मी घोर अडाणी?

सर : कानाला खटकतं.

रिक्षावाला : आणि 'सुतराम कल्पना नाही' म्हणता. 'सुतराम कल्पना आहे' असं कुणी म्हणलेलं ऐकलंय?

सर : कधीच नाही. सुतराम आलं की मागून 'नाही' येणारच.

रिक्षावाला : का पण?

(सर वही चाळतात. पुढून मागे, मागून पुढे.)

रिक्षावाला : सांगा की, सर. आमचं अज्ञान घालवा.

सर : (वही मिटून) काय की!

रिक्षावाला : आत्ता कसं शुद्ध बोललात!

शेवटची सीट : (चढत) भाऊ, मिटमिट्याला थांबणार का?

रिक्षावाला : थांबणार. तेवढं पक्कं माहीत हाय.