डॉक्टर बदलून पोट बदलत नाही

स्विंडन, इंग्लंड

ति. स्व. आबांस,

इथे थंडी नेहमीचीच, म्हणजे अंगावर तीन थर आणि तोंडी हवामानाची तक्रार. गोव्याहून, आपल्या हळर्णहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर मात्र विषय दोनच: तुमचं पोट आणि त्यासाठी सुचवलेला नवा डॉक्टर. वाड्यावर प्रत्येकाकडे एकेक नाव तयार आहे. एकाचं म्हापसा, दुसऱ्याचं बांबोळी, तिसऱ्याचं थेट बेळगाव. आणि ज्याचं पोट आजवर कधी दुखलं नाही, तो सगळ्यांत ठामपणे मुंबई सांगतो. आमचं मत या सगळ्यांहून नीरस आहे. पोटाच्या जुनाट दुखण्याला आधी मोठा डॉक्टर लागत नाही, एकच डॉक्टर लागतो. त्याने सगळं ऐकावं, लिहून ठेवावं, पुन्हा बोलवावं आणि मोठ्याकडे कधी धाडायचं तेही त्यानेच ठरवावं. नावापुढच्या पदव्यांनी दिपून जाऊ नका. 1746 साली पोर्तुगीज विसरेईने आपल्या गावचा किल्ला घेतला आणि राजाने त्याला ‘अलोर्नाचा’, म्हणजे हळर्णचा, ‘मार्किस’ केलं. म्हणून त्याला हळर्ण कळलं असं कोणी म्हणणार नाही.

पहिला पुरावा निदानाचा. हाड मोडलं तर एक्स-रे बोलतो. आतड्याचं तसं नाही. ‘इरिटेबल बॉवेल’ म्हणतात त्या दुखण्यात दुर्बीण घातली तरी आत सूज नाही, व्रण नाही, रक्ताचा अहवालही चोख. आणि माणूस मात्र संडासापासून लांब जायला धजत नाही. त्याचं निदान मुख्यतः विचारपूस करून होतं. 2016 चे ‘रोम’ निकष सांगतात की गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखलेलं असावं, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असावा आणि तक्रारीची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी. म्हणजे डॉक्टरला तुमचं अर्धं वर्ष ठाऊक हवं. दर महिन्याला नवा डॉक्टर गाठला की प्रत्येकाला तुमची फक्त आजची सकाळ कळते. त्यात आपली माणसं हे सगळं डॉक्टरसमोर सांगायला लाजतात आणि कदंबच्या बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला सविस्तर ऐकवतात.

दुसरा पुरावा औषधांच्या पिशवीत सापडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही उत्तम गोळी, पण अनेकांना तिने जुलाब होतात; कधीकधी हळूहळू विरघळणारी गोळी दिली तरी भागतं. गुडघ्यांसाठी घेतलेल्या वेदनाशामकांनी जठरात व्रण होऊ शकतात. साखरेचा डॉक्टर एक, गुडघ्यांचा दुसरा आणि पोटाचा तिसरा, अशी वाटणी झाली तर तिसरा दुर्बीण घालतो आणि पहिल्या दोघांच्या चिठ्ठ्या कपाटातच राहतात. जठराच्या व्रणाचं खापर पिढ्यान्‌पिढ्या चिंतेवर आणि माशाच्या तिखट हुमणावर फुटत आलं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, आणि 2005 साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हुमण निर्दोष सुटलं, पण त्या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी करण्याआधी आम्लपित्ताची गोळी दोन आठवडे थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल ‘नाही’ म्हणू शकतो. ती गोळी तुम्ही घेता हे ज्याला माहीत असेल तोच ती थांबवायला सांगणार.

तिसरा पुरावा सगळ्यांत गंभीर. आतड्याचा क्षय आणि ‘क्रोन्स’ हा आतड्याचा जुनाट दाह, यांत पोटदुखी, ताप, वजन घटणं, लहान आतड्याच्या शेवटाला व्रण हे सारं सारखंच दिसू शकतं, आणि आपल्या देशात क्षय काही दुर्मीळ नाही. तुकडा काढून तपासला तरी दर वेळी उलगडा होतोच असं नाही. अशा वेळी पुष्कळदा क्षयाची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने व्रण भरले का ते पाहतात. क्षय असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर क्षय बळावतो. या दोन-तीन महिन्यांत रुग्णाने डॉक्टर बदलला, तर निदान पहिल्या पानावर येतं.

‘तुम्हाला सांगायला काय जातं, तुम्ही इंग्लंडात,’ असं तुम्ही म्हणालच. इथली व्यवस्था ऐका. इथे पोटाच्या तज्ज्ञाकडे सरकारी खर्चाने जायचं तर आधी ठरलेल्या जीपीकडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडेच जावं लागतं. तज्ज्ञाकडून उपचार सुरू होण्याचं सरकारी उद्दिष्ट अठरा आठवड्यांचं, आणि तेही सर्रास चुकतं. त्यामुळे इथलं सगळंच उत्तम असं आम्ही म्हणत नाही. पण दुर्बीण कोणाला तातडीने लागते ते ठरवायला जीपी आधी शौचात न दिसणारं रक्त आहे का ते तपासून घेतो. शिवाय ठरावीक वयानंतर दर दोन वर्षांनी सरकार घरी एक किट पाठवतं, आणि नागरिक आपला नमुना त्यात भरून इमानाने पोस्टाने परत करतात. राणीच्या आणि आता राजाच्या टपालखात्याने काय काय वाहिलंय!

दुसरा आक्षेप रास्त आहे: जवळचा डॉक्टर तेच आम्लपित्ताचं पाकीट हातावर ठेवून मोकळा होतो. तसं असेल तर तो आपला डॉक्टर नव्हे, दुसरा जरूर शोधा. पण प्रश्न विचारणारा शोधा, लांबचा नव्हे. आणि शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेली तक्रार, यांतलं काहीही असेल तर वाड्याचं मत न घेता थेट बांबोळी गाठा. 1842 साली पणजीत निघालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं आपलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिथे आहे. दोडामार्ग-सावंतवाडीचे लोक हद्द ओलांडून तिथे येतात, आणि आपण मात्र तिथून पुढे बेळगावची वाट विचारतो.

तिसरा आक्षेप धारगळचा: आयुर्वेदाकडे का जाऊ नये? मोपाचा विमानतळ आणि धारगळची आयुर्वेद संस्था, दोन्हींचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झालं. तेव्हा पेडण्यातून लांब जाण्याची आणि पेडण्यातच थांबण्याची सोय एकाच दिवशी झाली. तिथे जायला आमची ना नाही. फक्त दोन्हीकडच्या वैद्यांना एकमेकांची औषधं कळू द्या. देवळात कौल लावायलाही हरकत नाही, पण देवाने अजून कोणाला रक्ततपासणी लिहून दिल्याचं ऐकिवात नाही. पथ्याचंही तेच. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातून आलेल्या ‘फॉडमॅप’ आहारात काही आठवडे कांदा, लसूण, गहू, आंबा आणि काजूसुद्धा बंद असतात; भात आणि मासळी चालते. पण मग एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते पाहायचं असतं. निम्मं पथ्य शेजाऱ्याकडून ऐकून जन्मभर पाळू नये. आणि गव्हाच्या सीलिॲक आजाराची रक्ततपासणी व्हायची असेल तर त्याआधी चपाती सोडू नये, नाहीतर तपासणी फसते.

तेव्हा आबा, विनंती एवढीच. सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फायलीत लावा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा, आणि जो डॉक्टर ती फाईल शेवटपर्यंत वाचील त्याच्याकडे किमान सहा महिने टिका. आईस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. मुंबई सुचवणाऱ्यांना आमचा खास नमस्कार सांगा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा व सूनबाई