कुदळ न उचलता खाणमालक कसे व्हावे

पृथ्वीच्या पोटातली संपत्ती घरी आणण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीला कुदळ, खाणपट्टा, पर्यावरण खात्याची मंजुरी आणि गावकऱ्यांच्या मोर्चाला तोंड देण्याची छाती लागते. दुसरीला पॅन कार्ड, डीमॅट खाते आणि मोबाइलची रेंज एवढेच पुरते. प्रस्तुत मार्गदर्शिका दुसऱ्या रीतीच्या साधकांसाठी आहे. तिचे साधन म्हणजे एक्स्चेंज ट्रेडेड फंड, म्हणजेच ईटीएफ: शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, ज्याचे एकेक युनिट म्हणजे कुठेतरी ठेवलेल्या मालावरचा आपला बारीकसा हक्क. मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. दसऱ्याला आपण आपट्याचे पान एकमेकांच्या हातावर ठेवतो आणि गंभीर चेहऱ्याने त्याला सोने म्हणतो. त्या पानाच्या कथेतल्या कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहरा मोजून घेतल्या आणि उरलेल्या नाकारल्या. जास्तीची युनिटे परत करणारा तो पहिला आणि बहुधा शेवटचा गुंतवणूकदार. आपट्याच्या पानामागे काही नसते, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते, म्हणून त्या व्यवहारात कोणी फसत नाही. ईटीएफच्या पानामागे मात्र काहीतरी असते. ते काय आहे हे न पाहता नुसते फंडाचे नाव वाचून पान घेणे, ही या साधनेतली मोठी चूक.

म्हणून आधी मूलमंत्र पाठ करावा: पदार्थ जितका निरुपयोगी, तितका त्याचा फंड चांगला. हे चेष्टेने म्हटलेले नाही. सोने गंजत नाही, उडून जात नाही, सांडत नाही, त्याला उंदीर लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्याचे फारसे काही करायचे नसते. ते तिजोरीत ठेवावे आणि विसरावे. एक किलोची लगड मोबाइलएवढ्या जागेत मावते. त्यामुळे फंडाला खरोखरचे सोने घेऊन ठेवणे परवडते आणि युनिटचा भाव सोन्याच्या भावाला, खर्चाची किरकोळ वजावट सोडली तर, इमानाने धरून राहतो. ही युक्ती मुंबईत लवकर सुचली होती. बेंचमार्क या कंपनीने 2002 मध्येच बाजारनियामक सेबीकडे सुवर्ण-ईटीएफचा प्रस्ताव दिला होता. परवानगीची वाट पाहता पाहता 2003 मध्ये ऑस्ट्रेलियात असा फंड निघाला, 2004 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाला, आणि आपल्याकडे 2007 उजाडले. आता काही फंडांचे युनिट 0.01 ग्रॅमचे, म्हणजे गुंजेच्या साधारण बाराव्या हिश्शाइतके असते. एवढे सोने सराफाकडे मागितले, तर तो चहा पाजून वाटेला लावील.

येथे घरातून पहिला आक्षेप येईल की कागदावरच्या सोन्यापेक्षा पाटल्या बऱ्या, निदान लग्नकार्यात दिसतात तरी. दिसतात, हे खरेच. पण दिसण्याचे पैसे वेगळे पडतात: घेताना घडणावळ, मोडताना घट, आणि मधल्या काळात लॉकरचे भाडे. ज्याला सोने अंगावर घालायचे आहे त्याने पाटल्या कराव्यात, ज्याला फक्त भावाशी नाते जोडायचे आहे त्याने युनिट घ्यावे. मात्र हे नाते निसर्गाशी आहे, अशी समजूत साधकाने करून घेऊ नये. 23 जुलै 2024 रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले आणि देशातला भाव त्याच दिवशी तोळ्यामागे काही हजारांनी घसरला. पृथ्वीच्या पोटात त्या दिवशी काहीच घडले नव्हते, जे घडले ते संसदेत.

निरुपयोगीपणाच्या शिडीवर चांदी एक पायरी खाली उभी आहे. तिचे ताट-वाटी-निरांजन होते तसे सौर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूही होतात, म्हणजे ती कामाला लागते आणि संपते. सेबीने 2021 मध्ये रजत-ईटीएफला मुभा दिली, 2022 च्या जानेवारीत पहिला फंड आला, आणि तीस किलोच्या विटा तिजोऱ्यांत जाऊ लागल्या. पुढे 2025 च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, देशात चांदीची टंचाई झाली. युनिटे आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा चढ्या भावाने विकली जाऊ लागली, आणि काही फंड कंपन्यांनी चांदीच्या फंड-ऑफ-फंड (ईटीएफमध्येच पैसे गुंतवणाऱ्या) योजनांत एकरकमी पैसे घेणेच थांबवले. म्हणजे दुकान उघडे, गिऱ्हाईक दारात, आणि दुकानदार म्हणतो, तूर्तास पैसे देऊ नका. तशा दिवशी साधकाने युनिटचा बाजारभाव आणि त्याची एनएव्ही, म्हणजे आतल्या मालाची किंमत, शेजारी शेजारी ठेवून पाहावी. दोहोंतला फरक ही चांदीची किंमत नव्हे, घाईची किंमत.

आता तेल. हा अत्यंत उपयोगी पदार्थ आहे, म्हणून फंडासाठी अत्यंत वाईट. एका पिंपात सुमारे 159 लिटर तेल मावते, ते पेट घेते, त्याला टाकी लागते आणि टाकीला भाडे. फंडाने खरे तेल साठवले तर भाड्यातच मुद्दल जाईल. म्हणून अमेरिकेतले तेलाचे फंड तेल घेत नाहीत, तेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला ठरल्या भावाने तेल घेण्याचे करार, घेतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी ही म्हण आपण संसाराला लावतो, पण तुरीच्या वायदेबाजाराचे इतके नेमके वर्णन अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही. वायद्याची मुदत संपली की खरोखरचे तेल ताब्यात घ्यावे लागते. ते टाळण्यासाठी फंड मुदतीपूर्वी जवळचा वायदा विकून पुढच्या महिन्याचा घेतो. समजा जवळचा भाव 20 डॉलर आणि पुढचा 25. हजार डॉलरच्या 50 पिंपांची 40 पिंपे झाली. पैसे तेवढेच, म्हणून साधक निर्धास्त असतो. पण पुढच्या महिन्यात तोही वायदा मुदतीजवळ येऊन 20 वर उतरला, की हाती 800 उरतात. तेलाचा भाव जागच्या जागी, आणि पाचवा हिस्सा गडप. तो पाचवा हिस्सा म्हणजे बहुतांशी टाकीचे भाडेच, फक्त वायद्याच्या भावात दडलेले.

याची साक्ष 2020 सालाने दिली. 20 एप्रिलला अमेरिकेतल्या डब्ल्यूटीआय तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला, कारण ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्यांत जागा मिळेना आणि तेल घेऊन जाणाऱ्याला पैसे देण्याची पाळी विकणाऱ्यावर आली. मुंबईचा वायदेबाजार एमसीएक्स करोनाच्या टाळेबंदीमुळे त्या काळात संध्याकाळी पाचलाच बंद होत होता. पडझड झाली ती आपल्याकडची रात्र होती. सकाळी वायद्याचा हिशेब पिंपामागे उणे 2,884 रुपयांनी झाला. शंभर पिंपांचा एक लॉट, म्हणजे पाण्याच्या दीड टँकरएवढे तेल, ज्याने स्वस्त म्हणून घेतले होते, त्याला ते न बघताच वर पावणेतीन लाखांहून अधिक भरावे लागले. प्रकरण कोर्टात गेले. अमेरिकेतला सर्वांत मोठा तेल-फंड मे महिन्याच्या वायद्यातून आधीच बाहेर पडला होता, म्हणून त्या दिवशी वाचला. पण त्याला आठ युनिटांचे एक करावे लागले. पुढे 2021 च्या फेब्रुवारीत तेल साथीपूर्वीच्या साठ डॉलरच्या आसपास परत आले, तेव्हा त्या फंडाचा भाव साथीपूर्वीच्या निम्म्यालाही पोहोचला नव्हता. तेलाबद्दलचा अंदाज अगदी बरोबर ठरला, आणि पैसे तरीही गेले.

नैसर्गिक वायूची गत याहून वाईट. न्यूयॉर्कच्या बाजारात 2007 मध्ये आलेल्या वायूच्या फंडाने तेव्हापासून शंभरातले नव्याण्णवाहून अधिक गमावले आहेत. वायू या काळात स्वस्त झाला, पण इतका नाही. तज्ज्ञ यावर आक्षेप घेतील की असे फंड दीर्घकाळ धरून ठेवण्यासाठी नसतातच, ते दोन-चार दिवसांच्या सौद्यासाठी असतात. शिवाय जवळचा भाव पुढच्यापेक्षा चढा असेल तर याच फिरवाफिरवीतून फायदा होतो. दोन्ही म्हणणी बरोबर आहेत. पण मग त्याला गुंतवणूक का म्हणावे, एवढे तज्ज्ञांनी सांगावे. गावच्या जत्रेतला चक्री-पाळणाही दोन मिनिटांसाठी उत्तमच असतो.

यावर कोणी म्हणेल, पदार्थ नको, खाणीच घेऊ, कंपन्यांचे शेअर असलेला फंड घेऊ. हा विचार शहाणपणाचा वाटतो, आणि कधी कधी असतोही. परंतु सोन्याच्या खाणींचा अमेरिकेतला नामांकित फंड 2006 च्या मे महिन्यात सुरू झाला. पुढच्या दहा वर्षांत सोने जवळपास दीडपट झाले आणि 2016 च्या सुरुवातीला तो फंड मूळ भावाच्या एक-तृतीयांशावर होता. खाणीला डिझेल लागते, कर्ज लागते, आणि भाव चढले की भलत्या किमतीला दुसऱ्याच्या खाणी विकत घेण्याची उबळ आलेले संचालक मंडळ लागते. आपल्याकडच्या 2014 च्या, सरकारी कंपन्यांच्या सीपीएसई ईटीएफमध्ये कोल इंडिया आणि ओएनजीसी सापडतील, पण त्यांच्याच पंगतीला रडार बनवणारी भारत इलेक्ट्रॉनिक्सही बसलेली आहे. रडार कोणत्या खाणीतून निघते, हे साधकाने शोधावे.

उद्यापनाविषयी थोडेसे. सामान्य साधकाला फंडाकडून सोन्याची लगड हातात मिळत नाही. युनिट बाजारातच विकायचे असते, आणि बारा महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर द्यायचा असतो. लक्ष्मीपूजनाला पाटावर काय मांडावे, हा प्रश्न मात्र उरतो. मोबाइलवर डीमॅट खाते उघडून तो पाटावर ठेवण्यास आणि हळदकुंकू वाहण्यास शास्त्राची हरकत नाही. फक्त चार्जिंगच्या भोकात अक्षता जाणार नाहीत, एवढे पाहावे.