मधले अण्णा

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्यात शिरा. पाच-सहा लेथ आणि पंचवीस-तीस माणसं असली, की एक अण्णा असतातच. पगारपत्रकावर ते सुपरवायझर. खरं काम एकच: मालकाचं बोलणं खाली नेणं आणि कामगारांचं वर. नेताना मात्र ते धुऊन, इस्त्री करूनच न्यायचं.

केबिनमधून शेठ गरजतात, "अण्णा, त्या गाढवाला सांगा, उद्या आठला आला नाही तर परवापासून येऊच नको म्हणावं!" अण्णा जिना उतरतात, जॉबच्या क्रेटवर टेकतात आणि तंबाखू मळत म्हणतात, "शेठ तुझी चौकशी करत होते रे. घरी कुणाला बरं नाही का, म्हणाले." पोरगं दुसऱ्या दिवशी पावणेआठला हजर! खालून निरोप निघतो, "डबल ओव्हरटाइम द्या, नाहीतर रात्रपाळी गेली खड्ड्यात." वर पोचतो तो असा: "पोरं जीव तोडून करतायत शेठ. ओव्हरटाइमचं तेवढं मनावर घ्या." कायदा दुप्पट दरच सांगतो, पण कायदा तसाच्या तसा वर नेला तर शेठचं बीपी चढतं, हे अण्णांना पाठ आहे. त्यामुळे तो ओव्हरटाइम वर्षानुवर्षं नुसता 'कानावर घातलेला' आहे. शिव्या दोन्हीकडच्या गाळल्या जातात हे खरंच, पण त्या गाळण्यात पोरांचे पैसेही अडकतात. ते कुणी बोलत नाही.

अण्णांची खरी दिवाळी बोनसच्या आठवड्यात. कायद्याप्रमाणे तोटा झाला तरी किमान ८.३३ टक्के द्यावेच लागतात, जास्तीत जास्त वीस. शेठ ठणकावतात, "कायद्याच्या वर छदाम मिळणार नाही." अण्णा खाली येऊन घाम पुसतात. "सातवर अडून बसले होते. भांडून आठ तेहतीसवर आणले!" पोरं त्यांना खांद्यावर घ्यायची तेवढी बाकी. मग वर जाऊन पुन्हा घाम पुसतात. "वीस मागत होती शेठ, आठ तेहतीसवर गप्प केली." शेठ स्वतःच्या हाताने त्यांना मिठाईचा जादा पुडा देतात.

मग शेठचे चिरंजीव एमबीए होऊन आले. 'थेट संवाद' पाहिजे म्हणाले आणि गुरुवारी, ऐन सुट्टीच्या दिवशी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. मोकळेपणाने बोला, असं वर लिहिलंही. दोन दिवस नुसती गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. तिसऱ्या दिवशी एकाने धीर करून लिहिलं, "संडासाची कडी तुटली आहे." छोट्या शेठचं उत्तर आलं: "नोटेड."

झालं! नाव नोट झालं, आता गेट दाखवणार, अशी बातमी चहाच्या टपरीपर्यंत गेली. कडीवाला जेवला नाही. ग्रुपवर पुन्हा नुसती फुलं. मोकळेपणाने बोला म्हटल्यावर कोण बोलतो हो? बोलायला आधी नोकरीची खात्री लागते, आणि ती काही ग्रुपवर मिळत नाही.

संध्याकाळी कडीवाल्याने अण्णांना गाठलं. "अण्णा, वर माझं काय चाललंय?"

"तुझं? छोटे शेठ म्हणाले, बारीक लक्ष असलेला पोरगा आहे, नाव लिहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणून स्वतः ठोकली. खाली सांगितलं, छोट्या शेठनी तातडीने मंजूर केली. वर सांगितलं, पोरांनी आपसात वर्गणी काढली. छोटे शेठ गहिवरले आणि ग्रुपवर अंगठा टाकला.

चाळीस रुपयांचं व्हाउचर अण्णांनी 'किरकोळ दुरुस्ती'त लावून घेतलं.