वाऱ्याला पाठ देताना

वारा येईल तशी पाठ द्यावी, असा व्यवहारी उपदेश वाडवडील करून गेले खरे. परंतु ती पाठ सलग तीन आठवडे द्यावयाची झाली तर डोलकाठीवर कोणते शीड चढवावे, याविषयी त्यांनी चकार शब्द काढलेला नाही. आणि म्हणूनच कॅनरी बेटांतून निघून, व्यापारी वाऱ्यांच्या भरवशावर, सुमारे २७०० सागरी मैलांवरच्या सेंट लुशियास जाण्याचा बेत मुक्रर होताच आमच्या दोघांच्या संसारात तट पडले.

माझा पक्ष स्पिनेकरचा. केशरी नायलॉनचे ते अवाढव्य शीड मी घरच्या मंजुरीपूर्वीच खरेदी केले होते, आणि त्याच्या छायेत सुकाणूवर हात ठेवून क्षितिजाकडे पाहणारी माझी शुभ्रकेशी मूर्ती एखाद्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कशी दिसेल, याचीही तजवीज मनोमन करून ठेवली होती. "अहो, पण भर समुद्रात तुमचा फोटो काढायला येणार कोण?" असा क्षुद्र प्रश्न सौ.ने उपस्थित केला. तिची शिफारस जुळ्या जिब-शिडांची: एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही काठ्यांनी ताणून धरलेली, रंग पांढरा, शोभा शून्य.

येथे मला कोलंबस आठवतो, आणि तो आठवला की मला आवर राहत नाही. १४९२ साली याच कॅनरी बेटांत त्याने 'नीन्या' या आपल्या गलबताची तिरकस परबाणाच्या आडकाठीवरची त्रिकोणी शिडे, म्हणजे आपल्या कोकणातल्या गलबतांवर असत त्याच कुळीतली, उतरवून चौकोनी चढविली. कारण त्रिकोणी शीड वाऱ्याच्या तोंडावर चढण्यात पटाईत, परंतु वारा पाठीशी आला की ते लांबलचक परबाण सांभाळता सांभाळता खलाशी जेरीस येतात. पुढे नाताळात 'सांता मारिया' हैतीच्या किनाऱ्याशी रुतून निकामी झाली, तेव्हा स्वारी परतली ती याच नीन्यावरून. ज्या गृहस्थाला आपल्या देशाचा पत्ता अखेरपर्यंत सापडला नाही त्याला शीड मात्र अचूक सापडले, हे मी मोठ्या रंगात ऐकविले, नवे शीड घेणे ही थोरांची परंपरा आहे असे सिद्ध करण्याकरिता. तिने त्यातून, कोलंबसाने शोभेचे नव्हे, निर्धास्तपणाचे शीड निवडले, एवढेच कलम उचलून माझ्याविरुद्ध दाखल केले.

विक्रेत्याने तर शिडावर ओढावयाची लांबलचक पिशवी दाखवून, 'एकटा माणूससुद्धा सहज उतरवतो' अशी ग्वाही दिली होती, आणि बंदराच्या धक्क्यावर, झाडाचे पान हलत नसताना, उतरवूनही दाखविले होते. या 'सहज' शब्दावर सरकारने जबर जकात बसवावी. पाठीमागच्या वाऱ्याची लबाडी अशी की तो वीस नॉटचा असला आणि नौका सहाने पळत असली तर अंगाला चौदाच लागतो. माणूस सदऱ्याची बटणे सोडून सुखावतो, आणि शीड आवरण्याकरिता नौका वळविली की खरा हिशेब तोंडावर येऊन आदळतो.

मध्यरात्रीनंतरचा पहारा तिचा असतो. पाठीशी काळा ढग आला तर स्पिनेकरसाठी कोणाला तरी नौकेच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जावे लागते, आणि मला झोपेतून उठविण्याऐवजी ती कमरेचा पट्टा दोराला अडकवून स्वतःच जाईल, हे इतक्या वर्षांच्या संसारावरून मी छातीठोकपणे सांगू शकतो. ओल्या फळ्यांवर गुडघे टेकून, वर कापड फडफडत असताना, अंधारात दोर चाचपणारे तिचे हात मला दिसू लागले, आणि मुखपृष्ठ तहकूब झाले.

जुळी शिडे निर्दोष नव्हेत. नौका दोन्ही अंगांवर अशी लोळते की खणात सुटलेला एकच चमचा रात्रभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हजेरी देत राहतो. त्यावर उपाय म्हणजे मुख्य शीड आखडून मध्यरेषेवर सपाट ताणून ठेवावे, नाहीतर वारा थोडा बाजूस घ्यावा. परंतु ओढ दोन्हीकडे सारखी, सुकाणूवर भार कमी, आणि दोन्ही शिडे एकाच फिरत्या नळीवर बसविली की बसल्या जागेवरून एक दोर ओढताच ती एकदम गुंडाळली जातात. काठ्या आपापल्या दोरांत जागच्या जागी राहतात, आणि नाळेवर जाण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

तेव्हा एक स्पिनेकर विकणे आहे. केशरी, कोरा, समुद्राचे पाणी न लागलेला. गरजूंनी भावासंबंधी सौ.शीच बोलावे.