भाऊ, नेट सोडा!

पनवेलला पाणी देहरंगच्या धरणातून येतं, पण आपल्या आळीत ते किती वाजता यायचं हे चावीवाला ठरवतो. आमच्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या हापिसात इंटरनेटचे चावीवाले म्हणजे भाऊ. हुद्दा हिशेबनिसाचा. पण २००० साली मोडेम आणला, तेव्हा टेलिफोनचं सॉकेट नेमकं त्यांच्या टेबलामागे निघालं. कर्तृत्व खरं तर भिंतीचं. पण हे भाऊंना सांगणार कोण?

जोडणीला आलेल्या पोरानं आठ भोकांचा हब ठोकला, वायरी ओढल्या आणि भाऊंच्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये इंटरनेट शेअरिंगवर टिचकी मारली. भाऊंचं मशीन १९२.१६८.०.१ झालं, बाकीच्यांनी नंबर त्यांच्याकडून घ्यायचे. "हे मशीन बंद, तर सगळ्यांचं नेट बंद," पोरगा जाता जाता म्हणाला. एवढं एकच वाक्य भाऊंनी पाठ केलं. मॉनिटरला हळदीकुंकू वाहिलं, आणि त्या दिवसापासून हापिसात हाक सुरू झाली, "भाऊ, नेट सोडा!"

मोडेम ५६ केचा, म्हणजे सेकंदाला फार तर सात केबी. मशिनं सात. माणशी एक केबी, रेशनसारखा. न्हावाशेव्याच्या कंटेनरचे स्कॅन केलेले कागद कुणी उघडले की भाऊ गरजत, "कोण ओढतंय रे?" जणू कुणी चोरून नळाला पंप लावलाय. केबिनमध्ये साहेबांनी रिसीव्हर उचलला की लाइन तुटायची. मग भाऊ काचेतून साहेबांकडे असे बघायचे की आठवड्याभरात साहेब फोन करायला खालच्या पीसीओवर जाऊ लागले.

मेलची तऱ्हा याहून वरची. सगळ्या हापिसाला आयडी एक. येईल ते भाऊंच्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये उतरे. भाऊ त्याचे प्रिंट काढून टेबलाटेबलावर वाटत, अर्थात वाचून. "तुमची कोचीनची पार्टी डिस्काउंट मागतेय, देऊ नका." आमच्यातल्या एका पोराला सांगून आलेल्या मुलीची पत्रिका मेलवर आली, ती त्याच्या हातात पडली तेव्हा समासात लाल शाईनं शेरा होता: 'मंगळ आहे.'

भाऊ पालीच्या बल्लाळेश्वराला गेले की मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि यूपीएसची पिन त्यांच्या पिशवीत. उरलेल्या सहा मशिनांवर दिवसभर सॉलिटेअर. पिन बाजारात मिळते, पण ती आणायचं धाडस एकालाही झालं नाही. मलाही नाही.

पुढे ब्रॉडबँड आलं. सोबत राउटर आला: वीतभर डबा, कुणालाही न विचारता सगळ्यांना नेट देणारा. भाऊ दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, चहासुद्धा परत पाठवला. तिसऱ्या दिवशी "धूळ बसते" म्हणत त्यांनी तो उचलला आणि लोखंडी कपाटात ठेवला. वायरींसाठी मागून भोक पाडून घेतलं, खर्च किरकोळमध्ये टाकला.

अजूनही वीज जाऊन आली की राउटर अडतो. सगळे माना वळवतात. भाऊ चष्मा पुसतात, राहिलेली बेरीज पुरी करतात, आणि मग सावकाश खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढतात.