पाच इनिंग्ज टाकल्या तरी खूप

वॉशिंग्टन नॅशनल्स ह्या बेसबॉल संघाच्या मैदानावर अगदी वरच्या, स्वस्तातल्या रांगेत हा गृहस्थ हमखास भेटतो. साठी उलटलेली, मांडीवर स्कोअरकार्ड, कानामागे पेन्सिल. पेन वापरत नाही. आज कोणता पिचर सुरुवात करणार हे कळल्यावर शहाणी माणसं तिकीट खपवायच्या मागे लागतात. हा मात्र तासभर आधी येऊन बसतो.

त्याला अपेक्षा नसतात असं नाही. असतात, पण त्या त्यानं बेतात ठेवलेल्या असतात. सुरुवातीच्या पिचरनं किमान सहा इनिंग्ज टाकून स्वतःच्या खात्यावर तीनपेक्षा जास्त रन चढू दिले नाहीत, तर बेसबॉलवाले त्याला 'क्वालिटी स्टार्ट' म्हणतात. ह्याचं माप निराळं. इथे चौथ्या इनिंगच्या मध्ये जुन्या राष्ट्राध्यक्षांची भलीमोठी डोकी चढवलेली माणसं पळण्याची शर्यत लावतात. ती सुरू झाली तेव्हा आपल्या पिचरला बाहेर काढलेलं नसलं, म्हणजे दिवस चांगला. ह्या शर्यतीत बिचारा टेडी रूझवेल्ट 2006 पासून हरत होता, तो पहिल्यांदा जिंकला 3 ऑक्टोबर 2012 ला. त्या संघाच्या माणसाला कसली आलीय घाई!

पण त्याचा खरा कस लागला तो पिचर पॅट्रिक कॉर्बिनच्या काळात. नॅशनल्सशी सहा वर्षांचा करार, 140 मिलियन डॉलर. पहिलं वर्ष झकास गेलं. मग त्याच्या 'स्लायडर' ह्या वळणाऱ्या चेंडूची जादू ओसरली आणि समोरचे लोक चेंडू सरळ प्रेक्षकांत पाठवू लागले. 2021 मध्ये 16 पराभव त्याच्या नावावर, 2022 मध्ये 19. त्या वर्षी दर नऊ इनिंग्जमागे त्यानं सहाहून जास्त रन दिले.

तेव्हाचं ह्याचं समालोचन ऐकण्यासारखं असायचं. पहिल्याच इनिंगमध्ये दोन बेस भरले, की "अजून हात तापला नाही." तीन रन गेले, की "तीनच गेले." त्या 'च'वर केवढा जोर! मॅनेजर पिचर बदलायला माउंडकडे चालू लागला, की "अरे, थांब ना जरा, टाकेल तो!" आणि पाच इनिंग्ज पुऱ्या झाल्या, की पस्तीस टक्क्यांवर दहावी सुटलेल्या पोराच्या बापासारखा उभा राहून टाळ्या. आपण चार रननी मागे आहोत, हा हिशेब त्याच्या लेखी दुसऱ्या खात्यातला.

"कामावर वेळेवर येतो की नाही, ते बोला," हे त्याचं हुकमी वाक्य. ते खोटंही नव्हतं. बाकीच्यांचे खांदे-कोपर दुखत, ऑपरेशनं होत. कॉर्बिन 2021 ते 2024 दर हंगामात तीसहून जास्त सामन्यांत सुरुवातीला उभा राहिला. कुणीतरी टाकायलाच हवं ना!

हा माणूस खरा घाबरतो तो पिचर चांगला टाकत असताना. पाच इनिंग्ज आणि समोर शून्य रन, म्हणजे ह्याची वाचा बंद. बाथरूमलासुद्धा उठत नाही. "हे काही बरं लक्षण नाही. पुढच्या वेळी भरावं लागणार." आणि खरंच भरावं लागलं, की चेहरा पुन्हा खुलतो.

स्वतः तो पिचरला वाटेल ते बोलतो. "घाल, अजून एक मधोमध घाल!" पण मागच्या रांगेतून कुणी हुर्यो केली, की मान गर्रकन मागे. एकदा मीच म्हटलं, एवढे पैसे मोजून हे काय? त्यानं पेन्सिल थांबवली. "30 ऑक्टोबर 2019," म्हणाला. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, ह्यूस्टनमध्ये. सुरुवातीचा पिचर शर्झर, त्याच्या पाच इनिंग्जनंतर कॉर्बिन आला, तीन इनिंग्ज टाकल्या, एकही रन दिला नाही. विजयी पिचर म्हणून त्याचंच नाव लागलं. राजधानीच्या शहराला 1924 नंतर पहिल्यांदा अजिंक्यपद मिळालं होतं. "सगळे पैसे त्या रात्रीच फिटले. पुढचं सगळं फुकट." त्याच्या मते अमेरिकेत इतका स्वस्त माल दुसरा कुणी विकत घेतलेला नाही.

2025 मध्ये कॉर्बिन टेक्सस रेंजर्सकडे गेला. ह्याची सोबत आता नव्या पोरांना आहे, आणि माप तेच. तुम्ही वॉशिंग्टनला आलात, तर ग्रीन लाइननं नेव्ही यार्डला उतरा आणि वर त्याच्या शेजारी जाऊन बसा. खुर्ची बहुधा रिकामीच असते. खेळातलं काहीही विचारा, तो कंटाळणार नाही. फक्त 140 मिलियनचा विषय काढू नका.