काका ड्युटीवर आहेत

भिलाईत आमच्या सेक्टरात क्वारची, म्हणजे अश्विनातली, नवरात्र घटस्थापनेनं नाही, काकांच्या शिट्टीनं सुरू होते. कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण शिट्टी काही त्यांनी परत केलेली नाही. पंचमीच्या संध्याकाळी ती वाजली, की आम्ही दहा-बारा जण क्वार्टरसमोर ओळीत उभे राहतो आणि काका हजेरी घेतात. जायचं असतं डोंगरगडला, बम्लेश्वरी देवीच्या दर्शनाला, पायी. बघणाऱ्याला मात्र वाटावं, ब्लास्ट फर्नेस बंद पडलीय आणि ही मंडळी ती चालू करायला निघालीय.

हजेरीनंतर पायांची तपासणी. चप्पलवाल्यांना घरी पिटाळलं जातं. "देवीकडे अनवाणी जावं म्हणतात," असं गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी बोलल्या. काका म्हणाले, "देवीच्या दारात अनवाणीच. दारापर्यंत तर पोचा!" स्वतः काका कारखान्यातले सेफ्टी शूज घालतात. त्यांची लेस काकू बांधून देतात, कारण डॉक्टरांनी काकांना वाकायला बंदी केली आहे. काका स्टुलावर ताठ बसतात, काकू खाली बसून गाठ मारतात, आणि काका वरून सूचना देतात, "डबल गाठ." काकू दुसऱ्या दिवशी डबे घेऊन गाडीनं येतात. त्यांच्या भक्तीत पायपीट बसत नाही.

काकांचे वडील मूळचे वर्ध्याकडचे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला, तेव्हा नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. कुलदैवत मात्र माहूरची रेणुका. माहूरला जायचं तर रजा हवी, आणि साहेबासमोर रजेचा अर्ज धरणं काकांच्या जिवावर यायचं. मग त्यांनी रेणुकेचे सगळे नवस बम्लेश्वरीकडे ट्रान्सफर केले. "डिपार्टमेंट एकच," ते सांगतात, "फाइल आतल्या आत फिरते."

जी. ई. रोडनं दुर्ग, मग राजनांदगाव, पुढे डोंगरगड. सत्तरेक किलोमीटरचा रस्ता. रात्रभर चालणाऱ्यांची रीघ, कडेला सेवा पंडाल, त्यात देवीची जसगीतं आणि मांदराचा ताल. कुणी चहा देतं, कुणी खिचडी, कुणी अनोळखी माणसाचे पाय गरम पाण्यात धुऊन फोडांना मलम लावतं. आपले डोळे भरून येतात. काका मात्र पंडालाची दोरी ओढून बघतात, गॅसच्या टाकीपासून शेगडी किती लांब आहे ते पावलांनी मोजतात आणि मगच पोह्यांना हात लावतात. "काका, किती राहिलं?" असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, "शिफ्ट संपली की कळेल."

डोंगरगडला खाली छोटी बम्लेश्वरी, वर डोंगरावर मोठी. काकांच्या लेखी खालची आई म्हणजे टाउनशिपचं ऑफिस आणि वरची मेन गेटच्या आतलं. नळ, भिंतीची ओल, शेजाऱ्याचा कुत्रा हे खाली सांगायचं. पोराची नोकरी, पोरीचं लग्न वर. रोप-वेला ते शॉर्टकट म्हणतात, आणि त्यांच्या शब्दकोशात अपघात आणि शॉर्टकट हे शब्द शेजारी आहेत. पायऱ्या हजारावर. काका दरवर्षी मोजतात, दरवर्षी आकडा वेगळा येतो, आणि दरवर्षी चूक पायऱ्यांची असते. अर्ध्या वाटेवर दम लागला की ते इथल्या जुन्या कामावती नगरीची कथा काढतात. राजा वीरसेन, त्याचा मदनसेन, त्याचा कामसेन, असं तिघांनी एकमेकांना चार्ज दिला, इथवर कथा येते. तोवर श्वास जाग्यावर आलेला असतो, म्हणून कामकंदला आणि माधवानल यांचं प्रेम मी आजवर ऐकलेलंच नाही.

गाभाऱ्यासमोर गेल्या वर्षी काय झालं, तर काका रांग लावत राहिले. "डावीकडून! बायकांना पुढे! नारळ खाली धरा!" आमचं सगळ्यांचं दर्शन झालं. काकांची पाळी आली तेव्हा मागच्या लोंढ्यानं त्यांना सरळ पलीकडे काढलं. त्यांनी ताठ मानेनं, चालता चालता, कपाळाकडे हात नेला. नमस्कार होता की सलाम, ते आईलाच ठाऊक.

खाली उतरून बूट चढवले. लेस या वेळी कुणी तरी घाईत बांधली. मग स्टेशन. नवरात्रात एरवी न थांबणाऱ्या गाड्याही डोंगरगडला थांबतात, त्यामुळे फलाटावर जत्राच. काकांनी आम्हाला पिवळ्या पट्टीच्या आत उभं केलं, पोरांची डोकी मोजली, आणि मोजता मोजता एकदम थांबले. पट्टी ओलांडून फलाटाच्या कडेला गेले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि कमरेतून पुरते वाकले. खालच्या रुळाच्या अंगावर उमटलेली अक्षरं ते डोळे बारीक करून वाचत होते.

"आपलाच आहे," काका खालूनच म्हणाले. आवाज जरा बसला होता. "साल बघतो. माझ्या वेळचा दिसतोय."

गाडी अजून लांब होती. काकूंनी प्रसादाची पिशवी माझ्या हातात दिली, काकांच्या सदऱ्याला मागून घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "अहो, एवढे वाकलाच आहात, तर लेसही बांधून घ्या."